सारस : नावातले सरोवर

१/ पाणथळीत वावरणाऱ्या उंच, तांबड्या मानेच्या सारसाचे नाव संस्कृत ‘सरस्’ म्हणजे सरोवर या शब्दावरून आले. सारस म्हणजे ‘सरोवराचा’. नाव देणाऱ्यांनी पक्ष्याच्या रूपाआधी त्याचे घर पाहिले.

२/ सतराव्या शतकात मोगल बादशहा जहांगीराकडील सारसांच्या जोडीला ‘लैला’ आणि ‘मजनू’ अशी नावे होती. त्यांचे मीलन, अंडी उबवणे यांची बारीक नोंद त्याने आत्मचरित्रात केली.

३/ १७५८ मध्ये लिनियसने शास्त्रीय नावात ‘अँटिगोनी’ योजले. ग्रीक पुराणकथेत या नावाच्या ट्रॉयच्या राजकन्येला हेरा देवीने करकोचा बनवले होते.

४/ महाराष्ट्रात आज सारस मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांत व धानशेतीत, तेही मोजकेच उरले आहेत. तळी बुजत गेली, तर सरोवर केवळ त्यांच्या नावातच उरेल.