ए ते जी: भाड्याच्या घराच्या श्रेणीची कुळकथा

इंग्लंडमध्ये भाड्याचे घर शोधताना जाहिरातीत भाड्याच्या आकड्याजवळ ए ते जी यांपैकी एक अक्षर असते. ही त्या घराची ऊर्जा श्रेणी.

तिचे मूळ 1973 च्या तेलसंकटानंतरच्या काळात सापडते. इंधन महागले, तशी कोणते घर किती उष्णता गमावते याची मोजदाद सुरू झाली. ‘बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’ने त्यासाठी ‘ब्रेडेम’ हे गणिती प्रारूप तयार केले. मिल्टन केन्स या नव्या शहराने त्याच्या आधारे घराच्या इंधनखर्चाचा निर्देशांक काढला. 1986 साली तिथे भरलेल्या ‘एनर्जी वर्ल्ड’ प्रदर्शनातली घरे या निकषावर बांधलेली होती. 1993 मध्ये सरकारने स्वतःची पद्धत आणली, तिचे नाव ‘सॅप’. पुढे 2002 च्या युरोपीय निर्देशामुळे ही श्रेणी नोंदवणारा ऊर्जा दाखला सक्तीचा झाला आणि ऑक्टोबर 2008 पासून तो भाड्याच्या घरांनाही लागू झाला.

हिशेब असा होतो. तपासनीस खोल्या मोजतो, बॉयलर पाहतो, माळ्यावर चढून उष्णतारोधक थराची जाडी मोजतो. भिंत काही फोडता येत नाही. कागदपत्रे नसतील तर घराच्या बांधकामाच्या काळावरून तिचा दर्जा गृहीत धरला जातो. राहणारी माणसे किती, हेही क्षेत्रफळावरूनच ठरते आणि बैठकीची खोली 21 अंशांवर ठेवली जाते असे मानतात. मग उष्णता, गरम पाणी व दिव्यांचा वार्षिक खर्च ठरावीक दरांनी काढून, चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळात 45 मिळवून त्या बेरजेने भागतात. या भागाकारावरून गुण ठरतात: 69 ते 80 म्हणजे सी, 55 ते 68 डी, 39 ते 54 ई.

खर्च मोजण्याचा मिल्टन केन्सचा तो वारसा आजही गुणांत दिसतो. ब्रिटनमध्ये वीज गॅसपेक्षा बरीच महाग आहे. त्यामुळे भिंती-खिडक्या सारख्याच असल्या तरी साध्या विजेच्या हीटरवर चालणारे घर गुणांत मागे पडते.

एप्रिल 2020 पासून इंग्लंड-वेल्समध्ये, नोंदवलेली सूट नसेल, तर ई-खालचे घर भाड्याने ठेवता येत नाही. हा नियम न्याय्यच आहे, कारण भिंती मालकाच्या असल्या तरी बिल भाडेकरू भरतो. पण अक्षरामागे गृहीतके आणि ठरावीक दर असतात, म्हणून तिकडे भाड्याने घर घेणाऱ्यांनी अक्षरावर थांबू नये. दाखला सरकारी नोंदवहीत फुकट पाहता येतो. त्यात भिंतीपुढे ‘गृहीत’ असे लिहिले आहे का, घर कशावर तापते आणि दहा वर्षांची मुदत कधी संपते, हे सही करण्यापूर्वी वाचा.