पडला, पडली, पडले

आत्या मोरीत पडली तेव्हा तिचं वय ब्याऐंशी. रिक्षातून तिला इस्पितळात नेलं. फाटकाशी 'आपत्कालीन विभाग' अशी पाटी होती, पण तिच्यावरचा बाण उन्हानं पार पुसून गेला होता. समोरून स्ट्रेचर ढकलत येणाऱ्या वॉर्डबॉयला मी पाटीवरचाच शब्द वापरून विचारलं. तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "हां, कॅज्युअल्टी! डाव्या हाताला. आधी केसपेपर काढा."

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिलाच प्रश्न असा केला, की व्याकरण शिकवणारी आमची आत्या दुखणं विसरून तिच्याकडे बघत राहिली. "आजी, पडल्यामुळे चक्कर आली, की चक्कर आल्यामुळे पडलात?"

प्रश्न शब्दांचा खेळ नव्हता. पाय घसरून पडलेल्या म्हातारीचं खुब्याचं हाड बघायचं असतं. आधी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडली असेल, तर हाडाबरोबर हृदयाची लय, रक्तदाब, साखर हे सगळं बघावं लागतं, आणि ईसीजी केल्याशिवाय तिला घरी सोडता येत नाही. आत्या म्हणाली, "साबण होता." तरीही ईसीजी झालाच.

बाकावर बसून केसपेपर चाळताना माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं. 'कॅज्युअल्टी'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'कादेरे' हे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ साधा: पडणे. त्यावरून 'कासुस', म्हणजे पडणं. फासा पडतो तसं जे दान पडेल ते. म्हणून इंग्रजीत 'कॅज्युअल्टी'चा आधीचा अर्थ योगायोग किंवा अवचित घडलेली गोष्ट. पुढे तो शब्द सैन्याच्या हानीला लागला, मग त्या हानीतल्या एकेका मृताला नि जखमीला, आणि शेवटी इस्पितळात अशा माणसांना ज्या खोलीत आणत त्या खोलीला. 'केस' हाही त्याच 'कासुस'चा वंशज. म्हणजे वॉर्डबॉयनं मला एका दमात दोन सख्खी भावंडं सांगितली होती. आत्यासाठी मी त्या दिवशी 'कॅज्युअल लीव्ह' टाकली होती, ते तिसरं.

हे लॅटिनपुरतंच असतं तर गंमत वाटून सोडून दिलं असतं. पण 'सिम्प्टम' हा ग्रीक शब्द घ्या. त्याचा मूळ अर्थ 'सोबत येऊन पडलेलं'. आणि आपल्या पाटीवरचा भारदस्त 'आपत्कालीन'? आ + पद्. पद् म्हणजे जाणे, पडणे, आणि आपद् म्हणजे अंगावर येऊन पडलेलं. इंग्रजी 'ॲक्सिडेंट'ची बांधणीही हीच आहे: 'आद' हा उपसर्ग आणि पुढे तेच 'कादेरे'. धातू वेगळे, भाषा वेगळ्या, चित्र एकच. मराठीनं तर आडपडदाच ठेवला नाही. आपण आजारीसुद्धा 'पडतो'.

'इमर्जन्सी' तेवढी उलट दिशेची. लॅटिनमध्ये 'मेर्गेरे' म्हणजे बुडवणे, आणि 'एमेर्गेरे' म्हणजे पाण्याखालून वर येणे. अचानक डोकं वर काढतं ते इमर्जन्सी. तिला मराठी प्रतिशब्द आणीबाणी. आपल्या संविधानाच्या मराठी अनुवादातही तोच आहे. पण १९७५ नंतर त्याला तुरुंगाचा वास लागला, आणि 'आणीबाणी विभाग' अशी पाटी कुठलंही इस्पितळ लावणार नाही. पेशंट मात्र आपल्याकडे 'गंभीर' असतो. संस्कृतात गंभीर म्हणजे खोल, डोहासारखा. एक शब्द वर येतो, दुसरा तळाला जातो, आणि दोन्ही एकाच खाटेवर.

ब्रिटनमध्ये 'कॅज्युअल्टी' हे नाव १९६२ पासून अधिकृतपणे मागे पडू लागलं. सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं 'ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी' असं नाव सुचवलं. आशय असा, की येईल त्या प्रत्येकासाठी उघडी असलेली ही खोली नव्हे, अपघात आणि तातडीचे रुग्ण यांच्यासाठीचा हा विभाग आहे. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलनं तातडीच्या उपचारांच्या शाखेला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली २००९ मध्ये. तोवर कॅज्युअल्टीची ड्यूटी म्हणजे बहुतेक ठिकाणी ज्याची पाळी त्याच्या गळ्यात. नाव बदललं, एमडीची पदवी आली, पण तोंडातली कॅज्युअल्टी गेली नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. घाबरलेला माणूस पाच अक्षरी तत्सम शब्द शोधत बसत नाही.

पण 'ॲक्सिडेंट'वरही गंडांतर आलंच. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं जाहीर केलं, की यापुढे आमच्या पानांवर हा शब्द शक्यतो येऊ देणार नाही. कारण त्यात 'दैवानं झालं, कोण काय करणार' असा सूर आहे, आणि बहुतेक इजा तर आधी ओळखता येतात नि टाळता येतात. ओली मोरी, नसलेला कठडा, न घातलेलं हेल्मेट. इथं मला मराठीची बाजू घ्यावीशी वाटते. आपल्या 'अपघाता'त दैव नाही, घात आहे. हन् धातूपासून आलेला, मारणारा घात. त्यातूनच घाव आला, घायाळ आला, अर्धं अंग लुळं करणारा पक्षाघात आला. (इंग्रजीतला 'स्ट्रोक' म्हणजेही तडाखाच.) घात म्हटलं की तो कुणी केला, कशानं झाला, हा प्रश्न मागोमाग येतो. वर्तमानपत्रं तो रोज विचारतात: अपघात की घातपात? त्या 'घातपाता'तला 'पात' म्हणजे पुन्हा पडणंच, पत् धातूचं. आपलं 'पडणे' त्याच पत् चं लेकरू. 'आकस्मिक विभाग' अशी पाटी काही ठिकाणी दिसते, ती मात्र मला खटकते. अकस्मात् म्हणजे 'कशामुळे' हे नसलेलं. साबण होता, हे आत्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

एव्हाना आमच्यानंतर आलेल्या एका माणसाला आत घेतलं होतं. छातीवर हात, कपाळावर घाम. आत्या कुरकुरली, "नंबर आपला होता ना?" या रांगमोडीला 'ट्रायाज' म्हणतात. फ्रेंच 'त्रिए' म्हणजे निवडणे. हा शब्द आधी लोकरीच्या नि कॉफीच्या व्यापारातला, माल प्रतीप्रमाणे वेगळा करण्याचा. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य दोमिनिक लारे यानं रणांगणावर हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावला. पण या कामाला हा शब्द रुळला तो पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच तळांवर. आपल्या घरात ताटात तांदूळ निवडतात तेच हे. निवडणं आणि निवाडा मराठीत एकाच घरचे आहेत, आणि दाराशी बसलेली नर्स दोन्ही करत असते. फरक इतकाच, की ताटातून खडा आधी बाहेर जातो आणि इथं ज्याची अवस्था वाईट तो आधी आत जातो.

मग सहीचा कागद आला. संमतिपत्र. सम् + मन्, सोबत विचार करणे. पण बेशुद्ध माणूस कुणासोबत विचार करणार? तातडीच्या उपचारांवरचं संशोधन इथंच अडतं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या क्रॅश-२ या चाचणीत चाळीस देशांतल्या २७४ रुग्णालयांमधले २०,२११ जखमी होते. त्यांत भारतातलेही होते. प्रश्न एवढाच होता, की ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारं स्वस्त औषध दिलं तर माणसं वाचतात का. वाचतात: मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ वर आलं. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांतून दिसलं, की हा लाभ पहिल्या तीन तासांतला. त्यानंतर दिलं तर उलट अपाय संभवतो. आता या तीन तासांत नातेवाईक शोधायचे, समजवायचे, सही घ्यायची, की सुई टोचायची? म्हणून नीतिसमितीच्या परवानगीनं नातेवाइकाची संमती, आणि कुणीच नसेल तर संमतीवाचून उपचार, अशी वाट काढावी लागली. आपल्या परंपरेत याला शब्द तयार आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्याच नावाचं उपपर्व आहे: आपद्धर्म. संकट अंगावर पडल्यावर एरवीचे नियम किती वाकवायचे, याची चर्चा. नीतिसमितीच्या मराठी कागदांत हा शब्द कुणी वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

आत्याच्या खुब्याला काही झालं नव्हतं. मनगटाला प्लास्टर घालून घरी सोडलं. रिक्षात तिनं चष्मा लावून केसपेपर वाचायला घेतला. पहिली ओळ इंग्रजीत होती: 'अलेज्ड हिस्टरी ऑफ फॉल'.

"अलेज्ड?" आत्या म्हणाली. "म्हणजे कथित?"

मी सांगितलं, की कॅज्युअल्टीत असंच लिहितात. डॉक्टरनं तुला पडताना थोडंच पाहिलंय? उद्या कोर्टात विचारलं तर?

तिनं प्लास्टरचा हात वर केला. "हे कथित आहे का, विचार तिला जाऊन."