त्याच्या वाटेने

दृढीकरणाच्या वर्गाला पोरगा येत नाही म्हणाला, तेव्हा बापाने फाटकाशी स्कूटर लावली आणि त्याचा दंड धरून त्याला चर्चच्या पायऱ्या चढवल्या. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची बाही मुठीत चुरगळली होती. मुलगा रडला नाही, खाली बघत चालत राहिला.

या बापाला एकट्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्यामागे आपल्या समाजाचे जुने मत उभे आहे. आपण मूठभर आहोत, पोर एकदा हातचे सुटले की सुटलेच. शिवाय नीतिसूत्रांत छडी सांगितली आहे आणि इफिसकरांस पत्रात आज्ञापालन.

छडीचे वचन मी पुसू पाहत नाही. छडीसाठीचा इब्री शब्द 'शेवेट' तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठीही आला आहे, म्हणून इथे मार अभिप्रेतच नाही, असे काही जण म्हणतात. ते टिकत नाही. नीतिसूत्रांच्या 23व्या अध्यायात मार स्पष्ट आहे. पण जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात हट्टी, बंडखोर मुलाला गावाने दगडमार करावा असेही आहे, आणि ते आज कोणताही ख्रिस्ती बाप आचरत नाही. म्हणजे वचने कशाच्या तरी उजेडात आपण वाचतोच. तो उजेड पौलाने दिला आहे. मुलांना आज्ञापालन सांगून झाल्यावर तो लगेच बापांकडे वळतो आणि मुलांना चिडवू नका म्हणतो. कलस्सैकरांस लिहिताना कारणही देतो, की मुले खचतील. रोमन कायद्यात बापाची सत्ता जवळजवळ अमर्याद होती, त्या काळात त्याने हे बापांनाच बजावले.

मुलाला वळण लावण्याचे ते प्रसिद्ध वचन, नीतिसूत्रे 22:6, त्याचीही गत अशीच. इब्रीत शब्दशः 'त्याच्या वाटेप्रमाणे' एवढेच आहे. 'ज्या वाटेने त्याने जावे' ही नंतरची समजूत आहे. अभ्यासकांत यावर वाद आहे हे खरे, पण आपल्या मराठी भाषांतरकारांनी इथे मुलाच्या स्थितीकडे पाहिले, याचा मला अभिमान वाटतो.

आणि दृढीकरण म्हणजे तरी काय? तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप आणि धर्ममातापिता बाळाच्या वतीने बोलले. आता त्याने स्वतःच्या तोंडाने होय म्हणायचे. दंड धरून वदवलेला होकार पुन्हा बापाचाच झाला. मग विधी झाला कशाचा?

नाशिककराला दाखल्यासाठी लांब जायला नको. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईंना न विचारता. तो घाव लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत, 'स्मृतिचित्रे'त, लपवलेला नाही. टिळक तापट होते, आदर्श गृहस्थ म्हणून मी त्यांना पुढे करत नाही. पण त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे बघा. इथल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, वडिलांच्या घरी सोवळ्याचे इतके वेड की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय वापरायचा नाही. लहानगा मुलगा दत्तू त्यांच्यापाशीच राहिला. टिळक पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. जातिभेद देवाने केलेला नाही हे आधी लक्ष्मीबाईंना स्वतःहून पटले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. धर्म बदललेला बाप आणि न बदललेली आई यांच्यामधल्या ताणात वाढलेला दत्तू हातचा गेला नाही. याच दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुढे वडिलांचे चरित्र लिहायचे मनावर घेतले, आईला आठवणी लिहायला लावल्या, आणि 1934 पासून त्या आठवणी पुस्तकरूपाने येऊ लागल्या. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

म्हणून मुलांना मोकळे सोडून द्यावे, असे मी म्हणत नाही. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हावी, मुलाच्या शंकेला उत्तर मिळावे, चुकला तर तोंडावर सांगावे. वर्गाला येत नाही म्हणाला तर का ते विचारावे, आणि एक वर्ष थांबावे.

'आणि तो आलाच नाही तर?' ही भीती खरी आहे, मीही बाप आहे. लूकच्या 15व्या अध्यायातला धाकटा मुलगा परत येतो, ते सगळ्यांना पाठ आहे. थोरला मात्र रुसून घराबाहेरच थांबतो. बाप मेजवानी सोडून बाहेर येतो, त्याची विनवणी करतो, त्याचे बोलणे ऐकून घेतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.