पावतीवरचा खुंट : संत्र्याची कलमे, पन्हेरी आणि मोठी दुकाने

आजचा धागा लढाईचा नाही आणि किल्ल्याचाही नाही. तो एका पावतीचा आहे.

गेल्या दिवाळीत नेरला घरी गेले असता आजीच्या पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांखाली एक पिवळा पडलेला कागद सापडला. सन १९८३, आषाढ महिना. खाली शाईच्या पेनाने तीन ओळी : संत्रा कलम, नग १५०. डोळा नागपुरी. खुंट जंबेरी. गावाचे नाव शेंदुरजनाघाट, तालुका वरूड.

प्रथम एक खुलासा. आमचे नेर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे नेर परसोपंत. मोर्शी तालुक्यातले नेर पिंगळाई निराळे. नावसाधर्म्याने होणारा घोटाळा या धाग्यात विशेष टाळायला हवा, कारण ते दुसरे नेर ऐन संत्रापट्ट्यात आहे. आमचे नेर त्या पट्ट्याच्या कडेला, कापूस, तूर आणि सोयाबीनच्या मुलखात. म्हणून आजोबांना कलमांसाठी अमरावती, मोर्शी, वरूड असे एकेक गाव ओलांडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जावे लागले होते.

त्याच दिवाळीत चुलतभावाने मोबाईलवर एक छायाचित्र दाखवले. शहरातल्या एका मोठ्या साखळी दुकानात, बादल्या आणि गालिचे यांच्या रांगेशेजारी, काळ्या कुंड्यांत संत्र्याची रोपे मांडलेली. एकेका रोपाला दोन-दोन फळेसुद्धा लागलेली. चिठ्ठीवर रंगीत चित्र, किंमत, बारकोड आणि ‘ऑरेंज, ग्राफ्टेड’ एवढे दोनच शब्द. काकांना तीनशे कलमे हवी होती. भावाचे म्हणणे असे, की एवढे लांब जायचे कशाला, घाऊक घेतली तर इथेच सवलत मिळते.

एका बाजूला एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या तीन ओळी, दुसऱ्या बाजूला दोन शब्द. इतिहासाच्या विद्यार्थिनीला एवढा फरक पुरतो. जुन्या पावतीत जे लिहिले होते ते नव्या चिठ्ठीवरून गळले कसे, हा आजचा प्रश्न.

आधी कलम म्हणजे काय ते पाहू. ‘कलम’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. लेखणी कलम, कायद्याचे कलम आणि झाडाचेही कलमच. बोरू तासून लेखणी करावी तशी फांदी तासून दुसऱ्या झाडावर बसवायची. संत्र्यात मात्र फांदी नव्हे, एकच डोळा बसवतात. खाली जंबेरीचे रोप, म्हणजे खुंट. त्याच्या सालीला टी आकाराची चीर देऊन त्यात संत्र्याच्या झाडाचा एक डोळा सरकवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचा. डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटायचा. म्हणजे संत्र्याचे प्रत्येक झाड हे खरे तर दोन झाडे असतात : मुळे एकाची, फळे दुसऱ्याची. बाजारात विकत घेताना दिसते ते वरचे. बाग जगते की मरते हे बरेचसे ठरते खालच्यावर.

विदर्भात संत्रा आला कसा, याविषयीची परंपरा बहुतेकांना ठाऊक असेल. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, झाडे आणवून आपल्या बागेत लावली, असे सांगतात. ती राजाची बाग होती. तिथे विक्रीचा प्रश्नच नव्हता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि संत्र्याला दूरची बाजारपेठ दिसू लागली. राजाच्या परसातले फळ शेतकऱ्याच्या वावरात उतरले ते या नव्या अर्थकारणामुळे. वावरात उतरायचे तर शेकड्यांनी कलमे हवीत, आणि ती करणारी माणसे हवीत.

त्या माणसांच्या जागेला आमच्याकडे ‘पन्हेरी’ म्हणतात. रोपवाटिका हा शासकीय शब्द, नर्सरी हा शहरी. वरूड तालुक्यात, विशेषतः शेंदुरजनाघाटला, पन्हेरी हा घराघरांचा धंदा झाला. जंबेरीचे बी ताज्या फळातून काढायचे आणि लगेच पेरायचे, कारण वाळले की ते उगवत नाही. वाफ्यात रोप उगवले की काही महिन्यांनी दुसऱ्या वाफ्यात लावायचे, पेन्सिलीएवढे जाड झाले की हिवाळ्यात डोळा बांधायचा आणि पुढच्या पावसाळ्यात विकायचे. बी पडल्यापासून दीड-दोन वर्षे. जंबेरीच्या एका बियेतून बहुधा एकाहून अधिक कोंब येतात, आणि त्यांपैकी बरेचसे हुबेहूब मातेच्या गुणांचे असतात. जे तसे नसतात ते वाढीवरून आणि पानावरून ओळखून उपटून फेकणे, हे पन्हेरीवाल्याचे खरे कसब. ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, कारण फेकलेली रोपे पावतीवर येत नाहीत.

आणि डोळा कुठला? तो मातृवृक्षाचा. ज्या झाडाची फळे पन्हेरीवाल्याने वर्षानुवर्षे पाहिली आहेत, त्या झाडाच्या काड्या. इथे थोडे जगाकडे पाहू. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स या बाईंनी वॉशिंग्टनहून आलेली नेव्हल संत्र्याची दोन झाडे लावली. मूळ ब्राझीलच्या बाहियाचे हे वाण. त्याला बी नसते, म्हणून प्रसार फक्त डोळ्यांनी. त्या झाडांच्या डोळ्यांवर कॅलिफोर्नियाचा अवाढव्य संत्रा-उद्योग उभा राहिला, आणि त्यांतले एक झाड आजही तिथे जाळीच्या आच्छादनाखाली जिवंत आहे. वंशावळ म्हटली की आपल्याला घराणी आठवतात. झाडांच्या वंशावळीही तितक्याच खऱ्या असतात आणि तितक्याच सहज खोट्या करता येतात.

खोट्या करण्याचा इतिहासही जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले रॉचेस्टर शहर रोपवाटिकांचे मोठे केंद्र होते. तिथून फिरते विक्रेते गावोगाव जात. झाडे सोबत नेता येत नसल्याने ते बगलेत रंगीत चित्रांचे पुस्तक बाळगत : भल्या मोठ्या फळांची, निर्दोष रंगांची चित्रे. शेतकरी चित्र पाहून मागणी नोंदवी. यांतले काही विक्रेते प्रामाणिक होते, काहींनी भलतीच झाडे गळ्यात मारली. आणि फसवणूक उघड होईपर्यंत विक्रेता कुठल्या कुठे गेलेला असे. त्या पुस्तकातले चित्र आणि माझ्या भावाने दाखवलेल्या चिठ्ठीवरचे चित्र यांत मला फारसे अंतर दिसत नाही. संत्र्याचे चित्र पाहून संत्रा मिळत नाही, हे त्या शेतकऱ्यांनी पाच-सहा वर्षे झाड वाढवून शिकले.

मुद्दा या पाच-सहा वर्षांचा आहे. कापसाचे बी खोटे निघाले तर आठ-पंधरा दिवसांत, फार तर एका हंगामात कळते. संत्र्याचे तसे नाही. लावल्यापासून पाचव्या वर्षाच्या सुमारास पहिली फळे, भरात येणे त्याहून पुढे. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडे बसतात. ती तेवढी वर्षे पाणी पितात, खत खातात, जमीन अडवतात. खरेदीच्या दिवशीची बचत आणि पाचव्या वर्षीचे नुकसान एका वहीत लिहिले जात नाही, म्हणूनच ती बचत वाटते.

राज्यकर्त्यांच्या हे ध्यानात आले होते. १९६९ मध्ये महाराष्ट्राने फळझाडांच्या रोपवाटिका आणि फळझाडांची विक्री यांचे नियमन करणारा कायदा केला. परवाना हवा, खुंट कुठून आणला आणि डोळा कुठून आणला याची नोंद हवी, विकलेल्या झाडाबरोबर जातीची माहिती हवी. (अकोल्याचे कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचे. विदर्भाच्या शेतीच्या इतिहासात १९६९ हे वर्ष जेवढे गाजायला हवे तेवढे गाजत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.) आजोबांच्या पावतीवरच्या ‘डोळा’ आणि ‘खुंट’ या दोन शब्दांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. लिहिणाऱ्याने ते कायद्याच्या धाकाने लिहिले की धंद्याच्या रिवाजाने, हे त्या कागदावरून ठरत नाही. पण त्या दोन शब्दांमुळे कागद पुरावा होतो. उद्या झाड भलते निघाले तर जाब विचारायला एक गाव आहे आणि एक विधान आहे.

खुंटाची नोंद एवढी महत्त्वाची का, याचे सर्वांत भयंकर उदाहरण ब्राझीलचे. तिथे मोसंबीवर्गीय बागा आंबट संत्र्याच्या खुंटावर उभ्या होत्या. १९३०च्या दशकात एक विषाणू आला, मावा किडीने तो पसरवला, आणि त्या विशिष्ट खुंटावरची झाडे लाखोंनी वाळली. रोगाला नाव पडले ‘ट्रिस्टेझा’, पोर्तुगीजमध्ये दुःख. वेगळ्या, सोशिक खुंटांवर कलमे बांधून तिथला उद्योग पुन्हा उभा राहिला. म्हणजे आपत्ती वरच्या झाडाने ओढवली नव्हती. वरचे आणि खालचे यांच्या जोडीने ओढवली होती. ज्याला आपला खुंट माहीत नाही, त्याला आपली बाग कशाने मेली हेही कळत नाही.

आमच्याकडचा शत्रू निराळा. डिंक्या. बुंध्याच्या सालीतून डिंक पाझरतो, साल कुजते, झाड हळूहळू वाळते. मातीतली बुरशीसारखी फायटोफ्थोरा ही त्याचे मुख्य कारण. म्हणून डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच बांधलेला असावा, लावताना जोड मातीत गाडू नये, पाणी बुंध्याला लागू नये, असे सांगतात. पन्हेरीच्या वाफ्यातच माती दूषित असेल तर रोग कलमाबरोबर आपल्या शेतात येतो.

इथे पन्हेरीची बाजू घेणाऱ्यांनीही, म्हणजे मीसुद्धा, जरा थांबायला हवे. कारण हा रोग मोठ्या दुकानांनी आणलेला नाही. वर्षानुवर्षे त्याच त्या वाफ्यांत, उघड्या जमिनीत रोपे करणाऱ्या पन्हेऱ्यांतूनही तो पसरला. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रभर कलमांना अपूर्व मागणी आली. योजना मोठी होती, तिने कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर फळझाड आणले, हे तिचे ऋण मान्यच आहे. पण मागणी एकदम वाढली की डोळा कुठल्याही झाडाचा चालू लागतो आणि उपटून फेकायचे रोपही विकले जाते. नागपूरला १९८५ पासून केंद्राची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. निर्जंतुक मातीत, पिशवीत, जाळीखाली रोपे करण्याचा आग्रह तिने धरला तो याचसाठी. तेव्हा ‘पन्हेरी चांगली, दुकान वाईट’ असे सरळ समीकरण मी मांडणार नाही. आमच्याच गावात पन्हेरीतून आणलेल्या कलमांनी फसलेली माणसे आहेत.

फरक असा, की पन्हेरीत जाऊन काही विचारता येते. मातृवृक्ष दाखवा, खुंट कोणता, डोळा किती उंचीवर, परवाना कुठे टांगला आहे. उत्तर टाळले तर तेही एक उत्तर असते. साखळी दुकानातल्या काउंटरवरच्या मुलाला यांतले काहीच विचारता येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यापर्यंत ती माहिती आलेलीच नसते. रोप कुठल्या तरी पन्हेरीतच जन्मलेले असते. वाटेत दोन-तीन हात बदलताना त्याचे गाव पुसले जाते.

आता आमच्या अंगणाची गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी वडिलांनी शहरातल्या अशाच एका दुकानातून संत्र्याची एक कुंडी आणली होती. ते दुकान कोणते, हे महत्त्वाचे नाही. झाड जोमाने वाढले, इतके की शेजारी कौतुक करत. काटे मात्र जरा जास्तच होते. चौथ्या वर्षी फळ धरले : जाड, खरबरीत सालीचे, पिवळे आणि तोंड वाकडे करणारे आंबट. काकांनी बुंध्याशी वाकून पाहिले तेव्हा उलगडा झाला. डोळा केव्हाच मेला होता. खालून खुंट फुटला होता आणि आम्ही चार वर्षे कौतुकाने जंबेरी वाढवत होतो. पावती शोधली. तिच्यावर रोपाचे नाव नव्हते; ‘गार्डन आयटम, नग १’ असे होते.

अंगणात एकच झाड होते, म्हणून ते हसण्यावारी गेले. शेतात तीनशे असती तर?

गच्चीवर हौसेने लिंबू लावायचे असेल तर कुंडी कुठूनही घ्या. जगली तर आनंद, गेली तर शंभर-दोनशे रुपये गेले. बागेचा हिशेब तो नव्हे. शासनाच्या अनुदानासाठीसुद्धा कलमे मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावी लागतात, हे काकांनी भावाला सांगितले तेव्हा घाऊक सवलतीचा विषय आपोआप मिटला. भावाने नाराजीने का होईना, गाडी काढली.

या पावसाळ्यात आम्ही तिघे शेंदुरजनाघाटला गेलो. आजोबांच्या पावतीवरची पन्हेरी आता नाही. त्या जागी घरे झाली आहेत. दुसऱ्या एका पन्हेरीत काकांनी आधी मातृवृक्ष दाखवायला सांगितले. मालक तसूभरही न रागावता मागच्या बागेत घेऊन गेला. मी मात्र पावती होईस्तोवर टेबलापाशी उभी होते. त्याने ‘संत्रा कलम, नग ३००’ लिहून पेन खाली ठेवले, तेव्हा म्हटले, “दादा, खुंटही लिहा ना.” त्याने वर पाहिले, जरा हसला आणि लिहिले : जंबेरी.

ती पावती आता आजीच्या पेटीत आहे, जुनीच्या वर. अंगणातले झाड आम्ही तोडले नाही. आई त्याचे लोणचे घालते.