हैदराबादची गोळी, माटुंग्याची विद्या

गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. त्यांच्या गोळ्या संपल्या. फार्मसीतल्या बाईने सांगितलेला आकडा ऐकून मी हबकलोच. मग तीच म्हणाली, जेनेरिक देऊ का? किंमत अगदीच किरकोळ. बाटलीवर बारीक अक्षरांत नाव होतं हैदराबादच्या कंपनीचं. बायको म्हणाली, "ही आमच्या माटुंग्याची कृपा!" ती यूडीसीटीची, त्यामुळे हे असं अधूनमधून ऐकावं लागतं. पण यावेळी मी वाचायला बसलो.

मुंबई विद्यापीठाचा हा विभाग सुरू झाला १ ऑक्टोबर १९३३ रोजी. मुंबई तेव्हा गिरण्यांची, त्यामुळे कापडाचं रसायनशास्त्र आधी आलं. १९३८ मध्ये डॉ. के. वेंकटरामन प्रमुख झाले. ते रंगद्रव्यांचे जाणकार. गंमत म्हणजे रंग बनवायला जे हात तयार होतात, तेच औषधालाही चालतात. १९५७ मध्ये ते पुण्याच्या एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. गुंटूर जिल्ह्यातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी याच वाटेने गेला: आधी माटुंगा, मग एनसीएलमध्ये पीएच.डी. आणि १९८४ मध्ये स्वतःची कंपनी.

पण नुसत्या शिक्षणाने धंदा होत नाही. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला. औषधाच्या रेणूवरचं पेटंट गेलं, उरलं फक्त कृतीवरचं. आमच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट तेच, अल्गोरिदम तुमचा! नवी कृती शोधणारा एम.टेक. किंवा पीएच.डी. झालेला पोरगा हेच मग कंपनीचं भांडवल.

एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीच औषधं 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. आफ्रिकेत माणसं औषधाअभावी मरत होती. या कामाला नुसती नक्कल म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

बायकोचं मत जरा वेगळं. २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, आता नवा रेणू शोधल्याशिवाय गत्यंतर नाही, असं ती म्हणते. रेड्डींनी ते आधीच ओळखलं होतं. १९९७ मध्ये त्यांनी मधुमेहावरचा स्वतःचा रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कला दिला. तो बाजारापर्यंत पोचला नाही. बहुतेक रेणूंचं हेच होतं, वर्षं आणि पैसा दोन्ही जातात.

बाबा सगळं ऐकत होते. "गोळी तीच आहे ना?" एवढंच विचारून त्यांनी पाणी मागितलं.