द्राक्षशेती व वाइननिर्मिती, शाश्वत (बारामती–इंदापूर)

द्राक्षवेलींची लागवड व निगा आणि द्राक्षांपासून वाइन तयार करण्याची प्रक्रिया जमीन, पाणी व भोवतालची सजीवसृष्टी यांची झीज होऊ न देता आणि बागायतदाराला दीर्घकाळ परवडेल अशा रीतीने चालविण्याच्या पद्धतींना शाश्वत द्राक्षशेती व वाइननिर्मिती म्हणतात. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २००४ साली या संकल्पनेची व्याख्या केली. न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या देशांत मात्र तिच्याही आधी, १९९० च्या दशकात, बागांची तपासणी व नोंद ठेवणाऱ्या योजना सुरू झाल्या होत्या. त्या थंड वा समशीतोष्ण प्रदेशांत फवारण्या कमी करणे आणि जैवविविधता राखणे यांवर मुख्य भर असतो. पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत हे प्रश्न आहेतच. पण त्यांच्याही आधी येतो तो पाण्याचा आणि पाण्याबरोबर जमिनीत साठणाऱ्या क्षारांचा प्रश्न, आणि शाश्वततेचा इथला विचार तेथूनच सुरू करावा लागतो.

दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात व पावसाची वार्षिक सरासरी ५०० मिमी.च्या आसपास घुटमळते. बारामतीच्या उत्तरेकडील सुपे, मोरगाव या बाजूचा पट्टा जिरायती, तर दक्षिणेकडील भाग नीरा डाव्या कालव्यामुळे बागायती आहे. इंदापूरला याच कालव्याबरोबर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याचेही पाणी मिळते. कालव्याने ऊस आणला, साखर कारखाने आणले, आणि निचरा नसलेल्या खोल काळ्या जमिनीत पाणी साचून ती बिघडण्याची तक्रारही आणली. दख्खनच्या कालव्यांवरील या बिघाडाचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाला होता. विद्राव्य क्षार वाढलेल्या जमिनीस खारवट म्हणतात. ज्या जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो व त्यामुळे माती ओली असता चिकट, वाळली असता दगडासारखी होते ती चोपण. दोन्ही प्रकारांत वेलीच्या पानांच्या कडा करपतात, डोळे नीट फुटत नाहीत आणि बाग अकाली म्हातारी होते. भूजलावर अवलंबून असलेल्या जिरायती पट्ट्यातही हा धोका टळत नाही, कारण उन्हाळ्यात विहिरी व विंधनविहिरींचे पाणी आटते तसतसे ते अधिक क्षारयुक्त होत जाते.

ठिबक सिंचन हा यावरचा सर्वमान्य उपाय आहे, पण तो अर्धाच उपाय आहे, हे बागेत वाकून पाहिले की कळते. एप्रिल–मेमध्ये ड्रिपरखालचा ओला गोल नीट न्याहाळला तर त्याच्या कडेला मिठासारखी पांढरी रेघ उमटलेली दिसते. पाणी मुळांजवळून बाहेर सरकताना क्षार कडेला ढकलते व तेथे ते साठतात. पहिला हलका पाऊस पडताच बागायतदार समाधानाने ठिबक बंद करतो आणि नेमका तोच पाऊस कडेचे क्षार पुन्हा मुळांपर्यंत आणतो. म्हणून क्षार खोल धुऊन जातील इतका पाऊस होईपर्यंत ठिबक चालू ठेवणे हिताचे असते. पाणी वाचविण्याच्या सल्ल्याशी हे विसंगत वाटेल, पण मुळे वाचली तरच वाचविलेल्या पाण्याला अर्थ आहे. चोपण जमिनीत जिप्सम घालतात. मात्र या भागातील अनेक जमिनी चुनखडीयुक्त असल्याने तेथे गंधक अधिक उपयोगी पडते, कारण त्याचे जिवाणूंमुळे आम्लात रूपांतर होऊन मातीतल्याच चुन्यापासून जिप्सम तयार होते. बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीखालील मातीच्या उंचवट्यावर, उसाचे पाचट वा बगॅस पसरून केलेले आच्छादन बाष्पीभवन रोखते, आणि बाष्पीभवन रोखले की क्षारांचे वर चढणेही मंदावते. उसाच्या शेजारी वसलेल्या द्राक्षबागेला मिळणारा हा खरा फायदा आहे. फडात पेटवून दिलेले पाचट शेजारच्या बागेत वर्षभर कामी आले असते.

खुंटाची, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाची काडी कलम करतात त्या वेलीची, निवड हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. अवर्षण व क्षार यांना तोंड देण्यासाठी महाराष्ट्रात डॉगरिज या अमेरिकी वंशाच्या खुंटावर कलम करण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ झाली. वाइनच्या जातींसाठी ११०–आर हा खुंटही वापरतात. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या विषयावर काम करते. बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्द येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता व क्षार यांसारख्या ताणांचा अभ्यास करते, म्हणजे या भागाचे दुखणेच तिचा अभ्यासविषय आहे.

रसायनांचा वापर समजण्यासाठी उष्ण कटिबंधातील वेलीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. येथे ती वर्षभर जागी असते, म्हणून तिची दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्या तयार होऊन त्यांत घडाचे अंकुर धरतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या गोडी छाटणीनंतर फळ येते. थंडीने मिळणारी विश्रांती नसल्याने डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे विषारी द्रव्य काडीला लावतात, आणि हिरवी पाने वर्षभर असल्याने केवडा, भुरी व करपा या बुरशीजन्य रोगांनाही वर्षभर आसरा मिळतो. छाटणी लवकर घेऊन बाजार लवकर गाठण्याचा मोह झाला की परतीच्या पावसात फवारण्यांची संख्या वाढते. निर्यातीने यावर बाहेरून अंकुश ठेवला: २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपीय बाजारात भारतीय द्राक्षे अडली. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या यंत्रणेत निर्यातीच्या बागेची नोंद व अंशतपासणी केली जाते. इंदापूर तालुक्यातील बोरीसारख्या, काळ्या द्राक्षांसाठी नावाजलेल्या गावांना ही शिस्त परिचित आहे. मात्र ग्राहकाच्या ताटातील अंश मोजणारी ही पद्धत फवारणाऱ्या मजुराच्या फुप्फुसाचे व बागेतल्या मातीचे मोजमाप करीत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. बोर्डो मिश्रण हे तांबेयुक्त बुरशीनाशक सेंद्रिय शेतीतही चालते. पण त्यातले तांबे मातीत साठतच जाते. या भागात धनगरांचे कळप शेतात बसवून खत मिळविण्याची जुनी रीत आहे. तथापि तांब्याची विषबाधा मेंढ्यांना फार लवकर होत असल्याने फवारलेल्या बागेत कळप सोडू नये. लागवडीपूर्वी पडीक रानात मेंढ्या बसवाव्यात आणि उभ्या बागेस लेंडीखत बाहेरून घालावे, हे उत्तम. पावसाळ्यात दोन ओळींमध्ये ताग वा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडल्यास सेंद्रिय कर्ब वाढतो.

खाण्याच्या द्राक्षांचे मणी फुगविण्यासाठी घड जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात एकेक करून बुडवावे लागतात. वाइनच्या द्राक्षांना लहान मणी व जाड साल हवी असल्याने हे काम टळते, आणि दर वेलीवर घड कमी ठेवल्याने पाणी व खतही कमी लागते.

पुणे जिल्ह्यात आधुनिक वाइननिर्मितीला १९८० च्या दशकात नारायणगाव येथील शातो इंडाज या वाइनरीपासून चालना मिळाली. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आले. बारामतीच्या रस्त्यावर, पाटसजवळील रोटी (ता. दौंड) येथे फोर सीझन्स ही वाइनरी उभी राहिली. वाइनरीत सर्वांत जास्त वीज थंडाव्यासाठी लागते, कारण किण्वनात साखरेचा मद्यार्क होताना उष्णता बाहेर पडते आणि पांढऱ्या वाइनसाठी टाकीचे तापमान साधारण १२ ते १८° से. राखावे लागते. पहाटे तोडणी केल्यास फळ थंडच आत येते व तेवढी वीज वाचते. टाक्या धुतलेले पाणी आम्लधर्मी व सेंद्रिय द्रव्याने भरलेले असून ते प्रक्रिया करूनच बागेस द्यावे लागते. येथे धुलाईसाठी कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅशयुक्त द्रव्य वापरणे महत्त्वाचे ठरते, कारण सोड्यातला सोडियम अखेर त्याच चोपण होऊ पाहणाऱ्या जमिनीत जातो. रस काढल्यावर उरणारा साली व बियांचा चोथा पोटॅशने समृद्ध असतो. ताजा चोथा आम्लयुक्त असल्याने थेट बोदावर न टाकता शेणाबरोबर थर देऊन काही महिने कुजवितात व खरड छाटणीच्या वेळी वेलीला घालतात.