एका दिवसांत विजापूर

सोलापुराहून सकाळीं निघालेली गाडी होटगीचा फाटा सोडून दक्षिणेस वळली, कीं कांहीं वेळानें भीमेचा पूल लागतो. पूल मागें पडतांच महाराष्ट्राची हद्द संपते. जमीन तीच काळी, ज्वारीचीं शेतें तींच. परंतु फलाटावर कानीं पडणारी मराठी हळूहळू कानडींत मिसळत जाते. अशा एका गाडींत मध्यम वयाचें एक जोडपें खिडकीशीं बसलें होतें. बरोबर दशम्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि सायंकाळच्या गाडीचीं परतीचीं तिकिटें. सारी सफर एका दिवसाची. आणि पाहावयाचें होतें दोनशें वर्षांचें एक राज्य.

ही लोहमार्गाची वाट १८८४ सालीं सुरू झाली. त्याआधीं विजापूर हें पडक्या भिंतींचें, ओसाड शहर म्हणूनच प्रवाशांना ठाऊक होतें. गाडी आली, आणि मागोमाग १८८५ सालीं जिल्ह्याचें मुख्य ठाणें कलादगीहून तेथें हललें. बादशाही महालांत कचेऱ्या बसल्या, आणि जें पाहण्यासाठीं पूर्वी बैलगाडीनें कित्येक दिवस घालवावे लागत, तें सोलापूरकराच्या एका दिवसाच्या आटोक्यांत आलें. पुढें मीटर मापाचे रूळ जाऊन रुंद मार्ग झाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचें अधिकृत नांव विजयपुर असें झालें. मराठी घरांत मात्र विजापूर हाच शब्द अद्यापि चालतो.

स्थानक येण्यापूर्वीच सपाट माळावर एक प्रचंड गोलार्ध दिसूं लागतो. गृहस्थ म्हणाले, “हा पाहा गोल घुमट. स्थानकाला लागूनच आहे. आधीं तो पाहून घेऊं. मग वेळ उरला तर बाकीचें.”

बाईंनीं मान हलविली. “अहो, बापाच्या आधीं मुलाला कसें भेटावयाचें? आधीं इब्राहीमाकडे जाऊं, मग महंमदाकडे, आणि शेवटीं अलीकडे.”

गृहस्थांना तें द्राविडी प्राणायामासारखें वाटलें. गोल घुमट शहराच्या पूर्व टोकाला. इब्राहीम रोजा पश्चिमेस, तटाबाहेर. आणि अलीची बारा कमान या दोहोंच्या मध्यें. बाईंच्या क्रमानें जावयाचें तर सारें शहर एकदां ओलांडून पुन्हां उलट यावयाचें, आणि घुमट पाहून परत शहराच्या मध्यभागीं जावयाचें. तरी त्यांनीं टांगेवाल्याला पश्चिमेकडे चलण्यास सांगितलें. बहुतेक प्रवासी नेमकें याच्या उलट करितात. घुमट पाहतात, त्यांत ओरडून प्रतिध्वनि ऐकतात, आणि विजापूर पाहिल्याचें समाधान घेऊन परततात. त्यांना एक इमारत दिसते. तीमागचा इतिहास दिसत नाहीं.

आदिलशाहीची स्थापना १४९० च्या सुमारास झाली आणि १६८६ सालीं ती संपली. बहमनी राज्य फुटून जीं पांच राज्यें निघालीं, त्यांतील हें एक. एकंदर नऊ सुलतान झाले. त्यांपैकीं पहिल्या इब्राहीमानें हिशेबाच्या दप्तरांतून फारसी काढून देशी भाषा आणल्याचें फिरिश्ता सांगतो. त्यामुळें मराठी कारकुनांचा या दरबारांत कायमचा शिरकाव झाला. १५६५ सालीं विजयनगरचा पाडाव झाला, आणि त्या लुटीचा मोठा वांटा विजापुरास मिळाला. शहराचा तट, जामा मशीद, पाण्याचे नळ या साऱ्या उभारणीमागें ती संपत्ति होती. परंतु विजापूरचें वैभव ज्या तीन वास्तूंत एकवटलें आहे, त्या याच्या नंतरच्या, आणि एकाच घराण्याच्या तीन लागोपाठच्या पिढ्यांच्या आहेत.

इब्राहीम रोजाच्या दरवाजांतून आंत शिरतांच समोर एका उंच जोत्यावर दोन इमारती एकमेकींकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. एक मशीद, दुसरी कबर, मध्यें हौद. ही वास्तु राणी ताज सुलताना हिच्यासाठीं योजिली होती असें सांगतात. पण राजा आधीं वारला, १६२७ सालीं, आणि राणीसाठीं मांडलेल्या जागेंत तोच प्रथम निजला. त्याची आई, राणी व मुलें यांच्या कबरी शेजारीं आहेत. बांधकामावर मलिक संदल याची देखरेख होती. खिडक्यांच्या जाळ्या पाहाव्यात: त्यांत नक्षी म्हणून अक्षरेंच कोरलीं आहेत, दगडांतून उजेड आंत येतो तो अक्षरांच्या वळणांतून. कबरींवरील छत अगदीं सपाट, मोठमोठ्या शिळांचें. त्याला खालून आधार कोठेंच दिसत नाहीं.

बाई बराच वेळ त्या जाळीपाशीं उभ्या राहिल्या. गृहस्थ म्हणाले, “इतकी लहान इमारत, आणि पाहून संपत नाहीं.”

यांतच दुसऱ्या इब्राहीमाची ओळख आहे. १५८० मध्यें लहानपणींच तो गादीवर आला. आरंभीं त्याच्या वतीनें कारभार पाहिला तो त्याची चुलती चांदबिबी हिनें. त्यानें ४७ वर्षें राज्य केलें. त्याला संगीताचें वेड होतें. ‘किताब-इ-नौरस’ हा दखनी भाषेंतील पदांचा त्याचा स्वतःचा ग्रंथ. त्यांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे. लोक त्याला जगद्गुरु म्हणत. फिरिश्त्यानें आपला इतिहास त्याच्याच आश्रयानें लिहिला. १५९९ सालीं त्यानें शहराच्या पश्चिमेस नौरसपूर नांवाची नवी राजधानी वसविण्यास घेतली. १६२४ मध्यें मलिक अंबरानें ती उद्ध्वस्त केली. म्हणजे त्याच्या राज्यालाहि घाव बसले होते. पण आपली इमारत बापाच्या इमारतीहून मोठी असावी, ही चिंता त्याला नव्हती. ती चांगली असावी एवढेंच त्यानें पाहिलें.

परततांना टांगा शेरजा बुरुजापाशीं थांबला. वर मलिक-इ-मैदान ही तोफ आहे. ती १५४९ सालीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ओतली गेली. वजन सुमारें ५५ टन, लांबी १४ फुटांहून थोडी अधिक. तिचें तोंड सिंहाच्या जबड्याचें आहे, आणि त्या जबड्यांत हत्ती चिरडला जात आहे. निजामशाहीच्या पडत्या काळांत, १६३२ सालीं, परंड्याच्या किल्ल्यावरून ती विजापुरास आली. तिच्यावर पुढें औरंगजेबानेंहि आपल्या विजयाचा लेख कोरविला. तीन सत्तांनीं मिरविलेली ही तोफ १८५४ सालीं मोडीच्या भावानें लिलावांत निघाली, आणि सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. एका जाणत्या अधिकाऱ्यानें हरकत घेतली, म्हणून विक्री रद्द झाली आणि तोफ वांचली. पत्रिका पाहून बाई एवढेंच म्हणाल्या, “आपल्या स्वयंपाकघरांतलीं जुनीं भांडींहि आपण याच हिशेबानें काढतों.”

वाटेंत जागोजाग चौकोनी, उंच बुरुजांसारखे मनोरे लागतात. ते लढाईसाठीं नव्हत. त्यांना गंज म्हणतात. तोरवीकडून व बेगम तलावावरून मातीच्या नळांतून जें पाणी शहरांत येई, त्याचा जोर या मनोऱ्यांत कमी होई आणि गाळ खालीं बसे. बेगम तलाव १६५१ सालीं महंमद आदिलशाहानें बांधविला. राजांच्या कबरी पाहणाऱ्यानें हे मनोरेहि पाहावे. शहर कबरींवर वसत नाहीं, पाण्यावर वसतें.

दुपार टळत असतां तीं दोघें गोल घुमटाशीं आलीं. समोरच्या नगारखान्यांत आतां वस्तुसंग्रहालय आहे. मागची इमारत जवळून पाहतां प्रथम नजरेंत भरते ती तिची साधी, जवळजवळ उघडी भिंत. नक्षी फार थोडी. चार कोपऱ्यांवर सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, आणि मध्यें एकच दालन. त्याची जमीन १८,००० चौरस फुटांहून अधिक. मध्यें एकहि खांब नाहीं. घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट. रोमच्या प्राचीन पँथिऑनचा १४२ फूट आहे. तेव्हां जगांतील अशा जुन्या घुमटांत याची गणना होते यांत नवल नाहीं. पण खरें कौशल्य घुमटाखालीं आहे. आठ कमानी एकमेकींना छेदून जातात, त्यांतून दोन चौकोन एकावर एक तिरपे बसतात, आणि चौकोनी दालनाचें वर अष्टकोनांत व मग वर्तुळांत रूपांतर होतें. कमानींचा हा पसारा आंतल्या बाजूस झुकलेला असल्यामुळें घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनानेंच तोलला जातो.

मनोऱ्याच्या जिन्यानें वर चढून दोघें गॅलरींत पोंचलीं. शाळेचीं मुलें टाळ्या वाजवून, आरोळ्या मारून ध्वनि सात-सात वेळां परत मिळवीत होतीं. शिक्षकांनीं त्यांना खालीं नेलें, आणि क्षणभर दालन शांत झालें. गृहस्थ समोरच्या बाजूस जाऊन भिंतीकडे तोंड करून अगदीं हळू बोलले. १२४ फुटांवर बाईंच्या कानाशीं शब्द आले: “पाय फार दुखतात का?” त्यांनीं तसेंच हळू उत्तर दिलें, “नाहीं. अजून एक राहिलें आहे.”

खालीं महंमद आदिलशाह, त्याच्या दोन राण्या, रंभा नांवाची नर्तकी, मुलगी व नातू यांच्या कबरी आहेत. इब्राहीमाचा हा मुलगा १६२७ मध्यें गादीवर बसला. १६३६ सालीं शहाजहानाशीं तह करून त्यानें मोंगलांचें वर्चस्व पत्करिलें, खंडणी दिली, आणि त्या बदल्यांत निजामशाहीच्या मुलखाचा वांटा मिळविला. उत्तरेची धास्ती मिटतांच त्याच्या फौजा दक्षिणेस कर्नाटकांत शिरल्या. शहाजीराजे त्याच मोहिमांत होते. राज्याचा विस्तार याच्या इतका पूर्वी कधींहि झाला नव्हता, आणि घुमटहि त्याच मापाचा झाला. परंतु १६४६ पासून सुलतान दुखण्यानें अंथरुणास खिळला. कारभार सैल पडला, सरदारांत तट पडले, आणि पश्चिमेच्या डोंगरांत एक नवें राज्य आकार घेऊं लागलें. १६५६ च्या आरंभीं जावळी शिवाजीमहाराजांच्या हातीं आली. त्याच वर्षाच्या अखेरीस महंमदशाह मरण पावला, आणि घुमटाचें काम जेथें होतें तेथेंच थांबलें. भिंतींचा गिलावाहि पुरा झाला नाहीं. ज्या उघडेपणाला लोक साधेपणा म्हणतात, त्याचा कांहीं भाग अपुरेपणाचा आहे.

उन्हें कलल्यावर दोघें बारा कमानीशीं गेलीं. उंच जोत्यावर काळ्या दगडांच्या कमानींच्या ओळी उभ्या आहेत. वर छत नाहीं, आकाश आहे. महंमदाचा मुलगा दुसरा अली याला बापाहून मोठी कबर बांधावयाची होती, आणि जोत्याचा विस्तार पाहतां ती तशी झालीहि असती. ही पुरी झाली असती तर तिची सावली गोल घुमटावर पडली असती, म्हणून काम थांबविलें, अशी कथा तेथें सांगतात. कथा गोड आहे. कारण वेगळें आहे. अलीचें सारें राज्य, १६५६ ते १६७२, लढण्यांत गेलें. १६५७ मध्यें औरंगजेबानें बिदर व कल्याणी घेतलीं. १६५९ मध्यें अफजलखान प्रतापगडाखालीं पडला. १६६० मध्यें पन्हाळ्यास वेढा देऊनहि महाराज निसटले. १६६५-६६ मध्यें जयसिंग विजापूरच्या वेशीपर्यंत आला. एवढें असतां अलीनें नुस्रतीसारखा कवि पदरीं बाळगिला, स्वतःहि काव्य केलें. तो नादान नव्हता. पण खजिना व वेळ हीं दोन्ही त्याला बापजाद्यांच्या मापानें मिळालीं नाहींत. १६७२ मध्यें तो वारला, आणि उघड्या कमानींतच पुरला गेला. त्याच्या मागें आलेला सिकंदर लहान मूल होता. १२ सप्टेंबर १६८६ रोजीं शहर औरंगजेबाच्या स्वाधीन झालें आणि राज्य संपलें.

कमानीच्या सावलींत डबा उघडून बसतां गृहस्थ म्हणाले, “सकाळीं तुझ्या म्हणण्याप्रमाणें गेलों नसतों, तर ही जागा म्हणजे एक पडकें बांधकाम, एवढेंच वाटलें असतें.”

त्यांचें म्हणणें खरें होतें. इतर कोणत्याहि क्रमानें पाहिल्यास या तीन निरनिराळ्या इमारती आहेत. या क्रमानें पाहिल्या तर ती एकच हकीकत होते: आजा चांगलें बांधतो, बाप मोठें बांधतो, नातू त्याहून मोठें बांधावयास घेतो आणि अर्ध्यावर सोडून जातो. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट सनावळींत विखुरलेली असते. विजापुरांत ती पायांनीं चालून एका दिवसांत वाचतां येते. आणि ज्या मुलखांतून तिला धक्का बसला, त्याच मुलखांतून सकाळची गाडी येते, ही मराठी प्रवाशानें विसरूं नये अशी गोष्ट आहे.

सायंकाळच्या गाडींत बसल्यावर घुमट पुन्हां खिडकींत आला. सकाळीं तो एकटा दिसला होता. आतां त्याच्या एका बाजूस जाळीदार अक्षरें होतीं, आणि दुसऱ्या बाजूस छप्पर नसलेल्या कमानी. गाडी भीमेकडे निघाली. बाईंनीं डोळे मिटले, आणि गृहस्थ अंधार पडेपर्यंत मागें वळून पाहत राहिले.